‘ओन्ली’ : एका लहानशा इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ व उपयोग

शाळेच्या सादिल खर्चाची पावती लिहिताना मुख्याध्यापक रक्कम प्रथम आकड्यांत मांडतात, मग ती अक्षरी लिहितात आणि अखेरीस ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ हा शब्द घालतात. ‘अक्षरी रुपये चारशे पन्नास फक्त’ असे लिहिले म्हणजे त्या ओळीपुढे आणखी काही वाढविण्यास कोणास वाव राहत नाही. हा शब्द रकमेत भर घालीत नाही अथवा तीतून काही वजाही करीत नाही; तो रकमेभोवती कुंपण घालतो. इंग्रजी धनादेशावर हेच काम ‘ओन्ली’ या शब्दाकडे असते. ‘रुपीज फोर हंड्रेड अँड फिफ्टी ओन्ली’ म्हणजे एवढेच, याहून अधिक नाही. ‘ओन्ली’चा मूळ स्वभाव समजण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. तो मर्यादा घालणारा शब्द आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत सन २००० पासून इंग्रजी विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. त्यामुळे हा शब्द मुलांच्या कानांवर फार लवकर पडतो. शब्द सोपा, अक्षरे चार आणि अर्थ ‘फक्त’ असे सांगून शिक्षक पुढे जातात. परंतु हा शब्द वाक्यातील कोणत्या पदाला मर्यादा घालतो, हे ओळखल्यावाचून वाक्याचा अर्थ हाती लागत नाही, आणि काही ठिकाणी तो न लागणे महागात पडते. खेड्यातील पुष्कळ घरांत इंग्रजी अक्षरे वाचू शकणारे पहिले माणूस म्हणजे प्राथमिक शाळेत जाणारे मूल होय. दवाखान्यातून आणलेली बाटली आजी त्याच्याच हाती देते आणि ‘काय लिहिले आहे ते वाच’ म्हणून सांगते. बाटलीवर ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ असे छापलेले असते. मुलाने ‘यूज’ एवढाच शब्द ओळखला आणि शेवटचा लहानसा शब्द सोडून दिला, तर ‘हे औषध केवळ बाहेरून लावावयाचे आहे, पोटात घ्यावयाचे नाही’ ही ताकीद त्या घरापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून या एका शब्दाला एक स्वतंत्र पाठ देणे योग्य होईल.

शब्दाचे मूळ

‘ओन्ली’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाच्या शब्दाला ‘सारखा’ किंवा ‘प्रकारचा’ या अर्थाचा प्रत्यय लागून झाला. म्हणजे त्याचा मूळ अर्थ ‘एकासारखा’, ‘एकटा’ असा होता. ‘वन’ या शब्दाचा आजचा उच्चार ‘व’ने सुरू होतो, तो पुढील काळातील आहे. त्याचा जुना ‘ओ’ असा ध्वनी ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ या शब्दांत टिकून राहिला आहे. ‘अलोन’ हा शब्दही ‘ऑल’ आणि ‘वन’ या दोहोंच्या जोडणीतून झालेला आहे. तेव्हा ‘वन’, ‘ओन्ली’, ‘अलोन’, ‘लोनली’ ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. मराठीत ‘एक’ या शब्दावरून ‘एकच’, ‘एकटा’, ‘एकुलता’, ‘एकमेव’ असे शब्द झाले आहेत. त्याच पद्धतीने हे कुळ मुलांना दाखविता येईल. आपला ‘केवळ’ हा शब्दही संस्कृतातील ‘एकटा’ या अर्थाच्या ‘केवल’पासून आला आहे, हे सांगितल्यास दोन्ही भाषांनी मर्यादेची कल्पना एकटेपणातूनच घेतली ही गंमत मुलांच्या ध्यानी येईल.

विशेषण की क्रियाविशेषण?

हा शब्द विशेषण म्हणूनही येतो व क्रियाविशेषण म्हणूनही येतो. नामाच्या लगत आधी येऊन तो ‘एकमेव’ किंवा ‘एकुलता’ असा अर्थ दाखवितो, तेव्हा तो विशेषण होय. पुढील तीन वाक्ये फळ्यावर इंग्रजी लिपीत एकाखाली एक लिहावीत.

‘शी इज ॲन ओन्ली चाइल्ड.’ ती आईबापांची एकुलती एक मुलगी आहे.
‘शी इज द ओन्ली चाइल्ड हिअर.’ येथे जमलेल्या मंडळींत ती एकटीच लहान मूल आहे.
‘शी इज ओन्ली अ चाइल्ड.’ ती अजून लहानच आहे. तिच्याकडून मोठ्यांची अपेक्षा करू नये.

तिन्ही वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. पहिल्या दोहोंत ‘ओन्ली’ हा ‘ॲन’ अथवा ‘द’ या उपपदाच्या नंतर आला आहे, म्हणून तो विशेषण आहे. तिसऱ्यात तो उपपदाच्या आधी आला आणि क्रियाविशेषण झाला. एका अक्षराच्या उपपदापलीकडे सरकताच ‘एकुलती एक’ मुलगी ‘लहानगी’ होते. मुलांना नियम पाठ करावयास लावण्यापूर्वी ही वाक्ये समजू द्यावीत. नियम मग त्यांना आपोआप सुचेल.

स्थानाचे महत्त्व

मराठी वाक्यात शब्दांना विभक्तिप्रत्यय लागतात. ‘गोपाळाने काल वासराला पाणी दिले’ हे वाक्य ‘वासराला काल गोपाळाने पाणी दिले’ असे फिरविले, तरी पाणी देणारा कोण व पिणारा कोण याविषयी शंका राहत नाही. इंग्रजीत असे प्रत्यय फार थोडे उरले आहेत. तेथे शब्दाचे स्थान हेच त्याचे काम सांगते. ‘ओन्ली’च्या बाबतीत तर हे विशेषेकरून खरे आहे. ‘गोपाळ गेव्ह वॉटर टु द काफ यस्टरडे’ या साध्या वाक्यात हा शब्द निरनिराळ्या जागी ठेवून पाहावा.

१. ‘ओन्ली गोपाळ गेव्ह वॉटर टु द काफ यस्टरडे.’ गोपाळानेच पाणी दिले. घरातील दुसऱ्या कोणी दिले नाही.
२. ‘गोपाळ गेव्ह ओन्ली वॉटर टु द काफ यस्टरडे.’ गोपाळाने पाणीच दिले. वैरण घातली नाही.
३. ‘गोपाळ गेव्ह वॉटर ओन्ली टु द काफ यस्टरडे.’ वासरालाच पाणी दिले. गाय तशीच राहिली.
४. ‘गोपाळ गेव्ह वॉटर टु द काफ ओन्ली यस्टरडे.’ कालच दिले. एक तर त्याआधी दिले नाही, किंवा देऊन एकच दिवस झाला आहे.

पहिल्या वाक्यात गोपाळाची प्रशंसा आहे आणि घरच्या इतरांना दोष आहे. दुसऱ्यात व तिसऱ्यात खुद्द गोपाळावर ठपका येतो. चौथ्यात गोपाळाचा बचावही होऊ शकतो अथवा त्याच्यावर आरोपही होऊ शकतो. एका शब्दाची जागा बदलली की दोष एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर जातो, ही गोष्ट मुलांना फार लवकर पटते. कारण घरी कोणाला बोलणी बसतात हे त्यांना चांगले ठाऊक असते.

आता पाचवे स्थान राहिले. ‘गोपाळ ओन्ली गेव्ह वॉटर टु द काफ यस्टरडे.’ येथे ‘ओन्ली’ क्रियापदाच्या आधी आहे. हे वाक्य लिहिलेले वाचले, तर वर सांगितलेल्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या वाक्याचा कोणताही अर्थ त्यातून निघू शकतो. बोलताना मात्र इंग्रज मनुष्य ज्या शब्दावर जोर देईल त्या शब्दाला मर्यादा लागते. ‘वॉटर’वर जोर दिला तर ‘पाणीच’, ‘काफ’वर दिला तर ‘वासरालाच’. कागदावर हा जोर उतरत नाही, म्हणून घोटाळा होतो.

या प्रश्नावर इंग्रजी वैयाकरणांतही एकमत नव्हते. रॉबर्ट लौथ याने १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषण ज्या शब्दाशी संबंधित असेल त्याच्या लगत असावे असे प्रतिपादन केले, आणि ‘ओन्ली’ भलत्या जागी ठेवण्याच्या लोकांच्या सवयीला दोष दिला. उलट, एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६ साली निघालेल्या आपल्या इंग्रजी भाषाप्रयोगाच्या कोशात अशा कडक नियमाचा अतिरेक करणाऱ्यांची बाजू घेतली नाही. अर्थाविषयी संशय नसेल, तर क्रियापदाच्या आधीची बोलण्यातील स्वाभाविक जागा सोडण्याचे कारण नाही, असे त्याचे मत होते. आजचा व्यवहार फाउलरच्या मताला जवळचा आहे.

प्राथमिक शिक्षकाने या दोन्ही मतांतून पुढीलप्रमाणे बोध घ्यावा. लिहिताना मुलांनी ‘ओन्ली’ हा ज्या शब्दाला मर्यादा घालावयाची त्याच्या अगदी आधी ठेवावा. वाचताना मात्र तो क्रियापदाच्या आधी दिसला तरी त्याचा संबंध पुढील शब्दाशी असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. ‘आय ओन्ली हॅव टू रुपीज’ याचे भाषांतर ‘माझ्याजवळ दोनच रुपये आहेत’ असेच करावे.

सूचनाफलकांची रीत

सूचनाफलक, अर्ज व वेष्टने यांवर ‘ओन्ली’ बहुधा अखेरीस येतो. ‘लेडीज ओन्ली’ म्हणजे केवळ स्त्रियांसाठी. ‘फॉर ऑफिस यूज ओन्ली’ असे अर्जाच्या ज्या चौकटीवर छापलेले असते, ती कार्यालयाने भरावयाची असते. अर्जदाराने ती कोरी सोडावी. धनादेशावर ‘अकाउंट पेयी ओन्ली’ असे लिहिले म्हणजे ती रक्कम ज्याच्या नावे धनादेश आहे त्याच्या खात्यावरच जमा व्हावयाची असते. काही औषधांच्या वेष्टनावर ती नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विकली जावीत अशी सूचना असते, आणि तीतही ‘ओन्ली’ शेवटी येतो. तेव्हा ‘वाक्याच्या शेवटी ओन्ली घालणे चुकीचे आहे’ असा सरसकट नियम शिक्षकाने मुलांना सांगू नये. शेवटचा ‘ओन्ली’ इतरांस वगळीत असेल तर तो शुद्धच आहे.

मराठी ‘च’ आणि इंग्रजी ‘ओन्ली’

मराठी मुलांच्या लेखनात ‘ओन्ली’ची जी चूक वारंवार आढळते, तिचे मूळ मराठी ‘च’मध्ये आहे. ‘च’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय असून व्याकरणात त्याला कैवल्यवाचक म्हणतात. पण कैवल्य हे त्याचे एकच काम नाही. निश्चय, जोर, ‘अगदी तोच’ ही ओळख, तात्कालिकता या साऱ्यांसाठी मराठी मनुष्य ‘च’ वापरतो. ‘ओन्ली’ यांपैकी कैवल्याचेच काम करतो. मुलाला ‘च’ म्हणजे ‘ओन्ली’ असे एकदा सांगितले की तो प्रत्येक ‘च’च्या जागी ‘ओन्ली’ बसवितो, आणि ‘ही विल कम ओन्ली’ अशी वाक्ये तयार होतात. पुढील जोड्या पाहाव्यात.

‘तो येणारच.’ ‘ही विल सर्टनली कम.’
‘मी तेच म्हणत होतो.’ ‘दॅट इज जस्ट व्हॉट आय वॉज सेइंग.’
‘शाळा ही काय, येथेच आहे.’ ‘द स्कूल इज राइट हिअर.’
‘बाईंनी स्वतःच सांगितले.’ ‘द टीचर हरसेल्फ टोल्ड मी.’
‘घंटा होताच मुले धावली.’ ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रेन रॅन.’
‘पाऊस आलाच नाही.’ ‘द रेन डिड नॉट कम ॲट ऑल.’
‘माझ्याजवळ एकच पेन्सिल आहे.’ ‘आय हॅव ओन्ली वन पेन्सिल.’

सात वाक्यांत ‘च’ आहे. ‘ओन्ली’ मात्र शेवटच्या एकाच वाक्यात आला. यासाठी मुलांना एक सोपी कसोटी द्यावी. वाक्यापुढे ‘दुसरे कोणी नाही’, ‘दुसरे काही नाही’ अथवा ‘याहून अधिक नाही’ यांपैकी एखादी पुस्ती जोडून पाहावी. बोलणाऱ्याच्या मनातील अर्थाशी ती जुळली तर ‘ओन्ली’ घालावा. न जुळली तर दुसरा शब्द शोधावा. ‘माझ्याजवळ एकच पेन्सिल आहे, अधिक नाही’ हे जुळते. ‘तो येणारच, दुसरे काही नाही’ हे जुळत नाही, कारण तेथे निश्चय सांगावयाचा आहे.

या चुकीकडे पाहण्याची शिक्षकाची दृष्टी उदार असावी. हिंदीत ‘ही’ आहे. कानडी आणि तमिळ या भाषांतही जोर देणारी अशी अव्यये आहेत. त्यामुळे जोर देण्यासाठी ‘ओन्ली’ वापरण्याची सवय भारतात अनेक प्रांतांत दिसते, आणि भाषाशास्त्रज्ञांनी ती भारतीय इंग्रजीचे एक वैशिष्ट्य म्हणून नोंदविली आहे. ‘आय ॲम फ्रॉम सातारा ओन्ली’ असे म्हणणारे मूल मूर्ख नसते. आपल्या मातृभाषेतील एक बारीक छटा परभाषेत नेण्याचा ते प्रयत्न करीत असते. त्याला वर्गात हसले, तर ते पुढे इंग्रजीत तोंडच उघडणार नाही, आणि असे गप्प झालेले मूल पुन्हा बोलते करणे फार कठीण असते. म्हणून शिक्षकाने आधी ‘तुला मराठीत काय म्हणावयाचे आहे?’ असे विचारावे, त्याचा ‘च’ ओळखावा, आणि मग योग्य इंग्रजी शब्द पुरवावा. भारताबाहेरील वाचक अशा वाक्याचा निराळा अर्थ घेईल, एवढेच कारण त्याला सांगावे. ते पुरेसे आहे.

‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ ओन्ली’

हे दोन शब्द जोडीने येतात तेव्हा त्यांच्या क्रमावर सारे अवलंबून असते. ‘ओन्ली इफ’ ही अट आहे. तिला मराठीत ‘तरच’ हा नेमका शब्द आहे. ‘यू मे प्ले ओन्ली इफ यू हॅव फिनिश्ड युअर सम्स’ म्हणजे गणिते झाली असतील तरच खेळावयास मिळेल. ‘इफ ओन्ली’ ही हळहळ किंवा इच्छा आहे. ‘इफ ओन्ली द रेन्स हॅड कम इन जून!’ म्हणजे ‘जूनमध्ये पाऊस झाला असता तर!’ पहिल्यात नियम बोलतो, दुसऱ्यात मन बोलते.

‘तर’ आणि ‘तरच’ यांतील भेदही येथेच स्पष्ट करावा. ‘अर्ज केला तर शिष्यवृत्ती मिळेल’ या वाक्यात अर्ज करणे पुरेसे आहे. ‘अर्ज केला तरच शिष्यवृत्ती मिळेल’ या वाक्यात अर्ज आवश्यक आहे, पण तेवढ्याने ती मिळेलच असे नाही. इतर अटीही असू शकतात. योजनेच्या माहितीपत्रकात ‘ओन्ली इफ’ असेल आणि पालकांना ‘तर’ असे सांगितले गेले, तर त्यांच्या मनात खोटी आशा उत्पन्न होते. ‘च’ हे एक अक्षर गाळल्याचा तो परिणाम असतो.

आणखी काही प्रयोग

‘नॉट ओन्ली … बट ऑल्सो’ ही जोडी ‘एवढेच नव्हे, तर … सुद्धा’ या अर्थाने येते. ‘नॉट ओन्ली द बॉइज बट ऑल्सो द गर्ल्स प्ले कबड्डी.’ येथे ‘ओन्ली’ने घातलेले कुंपण ‘नॉट’ने मोडले आहे, असे मुलांना सांगावे.

‘ओन्ली’ने आरंभ होणारा काळवाचक अथवा अटवाचक शब्दसमूह वाक्याच्या सुरुवातीस आला, तर इंग्रजीत पुढील सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. ‘ओन्ली देन डिड ही अंडरस्टँड.’ तेव्हा कुठे त्याला समजले. वरच्या वर्गांत हा प्रयोग ओळख म्हणून दाखवावा. खालच्या वर्गांत त्याचा आग्रह नको.

‘ओन्ली टु’ने अपेक्षाभंग दाखविला जातो. ‘ही रॅन टु द स्टँड ओन्ली टु फाइंड द बस गॉन.’ तो धावत स्थानकावर गेला, पाहतो तर गाडी निघून गेलेली. ‘ओन्ली टू ग्लॅड’ या प्रयोगात मात्र मर्यादेचा अर्थ लोपून ‘अतिशय’ असा अर्थ येतो. कधी कधी ‘ओन्ली’ हा ‘पण’ या अर्थाने उभयान्वयी अव्यय म्हणूनही येतो. हे प्रयोग शिक्षकाने स्वतः जाणून असावेत. मुलांना ते पाठ्यपुस्तकात आढळतील तेव्हा सांगावेत.

पाठाची आखणी

इयत्ता सहावी किंवा सातवीस हा पाठ एका तासिकेत घेता येईल. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर ‘गोपाळ’, ‘गेव्ह’, ‘वॉटर’, ‘टु द काफ’, ‘यस्टरडे’ हे शब्द इंग्रजीत ठळक लिहावेत. पाच मुले ते हाती धरून ओळीने उभी राहतील. सहाव्या मुलाच्या हाती ‘ओन्ली’ असेल. ते मूल ओळीत जागा बदलीत जाईल आणि प्रत्येक वेळी वर्ग त्या वाक्याचा मराठी अर्थ सांगेल. ‘च’ कोणत्या शब्दाला लागला, हे सांगणाऱ्याला पुढची पाळी द्यावी. यास साहित्याचा खर्च नाही, आणि अबोल मुलांनाही भाग घेता येतो.

दुसऱ्या टप्प्यात शिक्षकाने स्वतः गोळा केलेली रिकामी, स्वच्छ वेष्टने व कोरे अर्ज वर्गात फिरवावेत, आणि त्यांवर ‘ओन्ली’ कोठे आहे व तो कोणाला वगळतो, हे मुलांकडून शोधून घ्यावे. औषधाच्या बाटल्या मुलांना घरून आणावयास सांगू नये. अखेरीस पुढील वाक्ये स्वाध्याय म्हणून द्यावीत. ‘ओन्ली’ कोठे घालावा, किंवा तो घालूच नये, हे मुलांनी ठरवावे.

१. आमच्या गावात एकच विहीर आहे.
२. मी उद्या नक्की येणारच.
३. सुमनलाच बक्षीस मिळाले.
४. ही गोळी जेवणानंतरच घ्यावी.
५. मला ते आवडलेच नाही.

पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या वाक्यात ‘ओन्ली’ येईल. दुसऱ्यात व पाचव्यात येणार नाही. चौथ्या वाक्यावर क्षणभर थांबावे. ‘टेक द टॅब्लेट ओन्ली आफ्टर अ मील’ म्हणजे गोळी जेवणानंतरच घ्यावी. ‘टेक ओन्ली द टॅब्लेट आफ्टर अ मील’ म्हणजे जेवणानंतर गोळीच घ्यावी, दुसरे औषध घेऊ नये. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, परंतु रोग्याच्या दृष्टीने दोन्ही एक नव्हेत. हा फरक ज्या मुलाला उमगला, त्याला ‘ओन्ली’ समजला असे मानण्यास हरकत नाही. त्यानंतर आजीने बाटली पुढे केली, तर ते मूल शेवटच्या शब्दापर्यंत वाचील.